बाळाची लव आणि पळसाचे पान

"डॉक्टर, नातीच्या पाठीवर केवढी लव आहे! कणकेच्या गोळ्याने काढू ना?" दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. आजींना मी सांगतो, नका काढू.

वैद्यकात या लवेला 'लॅन्यूगो' म्हणतात. लॅटिनमध्ये 'लाना' म्हणजे लोकर. रोमन लोक हाच शब्द फळापानांवरील मऊ लवेसाठीही वापरीत. वनस्पतिशास्त्रातही तो त्याच अर्थाने आला. खोपोलीहून कर्जतला जाताना पळसदरी लागते. उन्हाळ्यात पळसाचे कोवळे पान हाती घेऊन पाहा, रेशमासारखे लागते. तेच जून झाले की वरून गुळगुळीत होते.

बाळाचेही तसेच. ही लव गर्भात पाचव्या महिन्याच्या सुमारास येते आणि बरीचशी जन्माआधीच झडते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर ती जास्त दिसते. पण काही आठवड्यांत आपोआप जाते. घासल्याने नाजूक कातडी सोलवटते, पुरळ उठते, जंतू शिरतात.

कमरेजवळ मणक्यावर केसांचा एकच झुपका असेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवा. बाकी अंगावरची लव तिच्या वेळेने जाऊ द्या.