दगडावरचा आकडा, वहीतले नाव

सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी जुन्या गावांत, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत, एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने लावलेली. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतकी माणसे गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, आणि नाव एकही नाही. पाटी बसली तेव्हा कुणाचे त्यावाचून अडले नसेल. कुणाच्या घरचा कोण गेला हे गावाला पाठच होते. पण पाठांतर तीन पिढ्यांच्या पलीकडे क्वचितच जाते, आणि आज पाटी वाचणारा त्या दुसऱ्या आकड्यापाशी येऊन थांबतो. रणात पडलेल्या शिपायाचा मान आपण अंत्ययात्रेच्या गर्दीवरून, तोफांच्या आणि बंदुकांच्या सलामीवरून मोजतो. माझ्या मते तो ठरतो नोंदीत. त्याचे नाव कुठे लिहिले गेले, कोणत्या रकान्यात आणि कोणत्या शब्दाने, आणि त्या नोंदीच्या आधारावर त्याच्या मागच्यांची चूल कशी पेटत राहिली, हे पाहिल्याशिवाय मान दिला की नुसता शोक केला, हे सांगता येत नाही.

याला पहिला आक्षेप आपल्याच मातीतून निघतो. महाराष्ट्रात हजारो वीरगळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर अक्षर नाही. मग ते स्मारक नव्हे काय? वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, क्वचित त्याच्याभोवती गाई, म्हणजे गोधन सोडवताना मेला, मधे झुंज, त्याच्या वर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला उचलून नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची रांगच्या रांग कोरलेली आहे. शिलाहार-यादवांच्या आरमारी झुंजीची आठवण म्हणून अभ्यासक ते दाखवतात. कोरणाऱ्याने सगळे सांगितले, नाव तेवढे सांगितले नाही. चंद्र-सूर्य असेतो ही कीर्ती राहो, असे त्या माथ्यावरच्या खुणांचे वचन. दगडाने ते पाळले, आठवणीला पाळता आले नाही. घराणी उठून गेली, सांगणारे संपले, आणि बिननावाच्या त्या दगडाला कुणी शेंदूर फासून देव केले, कुणी तो ओढ्याच्या काठी धुणे धुवायला टाकला. कर्नाटकात मात्र कोरीव लेख असलेले वीरगळ पुष्कळ, आणि त्यांतल्या काहींवर वीराच्या घराला दिलेल्या जमिनीचीही नोंद आहे. तिला तिकडे ‘नेत्तरु कोडगे’ म्हणत, म्हणजे रक्ताबद्दलचे दान. दगड, नाव आणि जमीन अशी तिन्ही जिथे एकत्र आली तिथे तो माणूस आज आठशे-नऊशे वर्षांनीही माणूसच राहिला आहे.

मराठी साधनांतही हा व्यवहार जागोजाग दिसतो. प्रतापगडाच्या युद्धानंतर, म्हणजे १६५९ च्या अखेरीस, शिवाजी महाराजांनी काय केले ते सभासद बखर सांगते: जे लढाईत पडले त्यांच्या मुलांना चालवावे, ज्यांना मुलगा नाही त्यांच्या बायकांना अर्धे वेतन द्यावे, जखमींना जखम पाहून होन द्यावेत. बखर घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिलेली, तेव्हा प्रत्येक तपशिलावर पैज लावू नये. तरीही विजयाच्या वर्णनात लिहिणाऱ्याला हा हिशेब मोलाचा वाटला, एवढे नक्की. ‘चालवणे’ हा त्यातला शब्द मोठा नेमका आहे. नुसती मदत एकदा देऊन मोकळे होता येते, चालवायचे तर दरसाल दप्तर उघडावे लागते. याच्या उलट टोकाला पानिपत. १७६१ च्या संहाराची बातमी दक्षिणेत आली ती एका सावकारी पत्रातून, असे परंपरा सांगते. त्यात मोठे सरदार मोती आणि मोहरा झाले, आणि हजारो शिपाई झाले खुर्दा, ज्याची गणतीच नाही. हे पत्र शाळेत सर्वांनी वाचलेले असते आणि त्यातल्या मोत्यांचे सर्वांना वाईट वाटते. चिल्लर म्हणजे कोण, हा प्रश्न त्या तासाला फारसा कुणी विचारत नाही.

शिपायाचे नाव कोरले तर काय होते, याचा दाखला भीमेच्या काठी उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारायला घेतला, १८२१ मध्ये. आपल्या पराक्रमाची जाहिरात हा त्यांचा हेतू उघड आहे. पण स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावेही आली. एकूण एकोणपन्नास, आणि त्यांतली बावीस ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. पुढे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यांत आपल्या पूर्वजांच्या चाकरीचा हवाला दिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. कोरणाऱ्यांच्या मनात यातले काहीही नव्हते. पण जे लिहिलेले असते ते लिहिणाऱ्याच्या हेतूत अडकून पडत नाही. शंभर वर्षांनी ज्यांना त्याची गरज लागली त्यांनी ते वाचले.

आता इंग्रज सरकारनेच शंभर वर्षांनंतर केलेले उलट काम पाहू. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी सर्वांत जास्त झिजल्या त्या मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ ला फौजेने शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. पुढच्या वाळवंटातल्या पायपिटीत, रेल्वेच्या कामावरच्या छावण्यांत त्यांतली पुष्कळ मेली. ज्यांच्या थडग्याचा वा चितेचा ठिकाणा नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक झाले, १९२९ मध्ये. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे. तिथल्या शिळांवर ब्रिटिश साध्या शिपायाचे नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली ‘इतर’ म्हणून आकड्यात उरकला आहे. आणि याच्या दोनच वर्षे आधी, १९२७ मध्ये, फ्रान्समध्ये नव शापेलला हिंदी सैनिकांचे जे स्मारक उघडले, त्यावर साध्या शिपायांसकट साडेचार हजारांहून जास्त नावे आहेत. लष्कर तेच आणि ही स्मारके उभारणारा युद्धकबरींचा आयोगही तोच. नाव लिहिता येत नव्हते असे नाही. युरोपच्या डोळ्यांसमोर लिहिले, वाळवंटात लिहिले नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्या आयोगाच्याच समितीने अहवाल देऊन मान्य केले की ४५ ते ५४ हजार मृतांना, मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी, असा विषम मान दिला गेला आणि किमान १ लाख १६ हजारांची नावेच आली नाहीत, किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. साम्राज्याचा वर्णद्वेष हे कारणही त्यांनीच लिहिले. ब्रिटिश संसदेत माफी मागितली गेली. बसऱ्याचे स्मारक तोवर मूळ जागी राहिलेही नव्हते. १९९७ मध्ये इराकी सरकारने ते उचलून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर, ओसाड रणभूमीत नेऊन बसवले.

इथे कुणी म्हणेल, परक्या राजासाठी पोटार्थी लढलेल्यांचे एवढे काय? प्रश्न रास्त आहे, आणि कोरेगावच्या बाबतीत तो दरवर्षी जरा कडवटपणेच विचारला जातो. युद्धाचा न्याय आणि मृताचा मान ही माझ्या मते दोन वेगळी खाती आहेत. मेसोपोटेमियाची मोहीम तेलासाठी आणि साम्राज्यासाठी होती, असे म्हणणाऱ्याला कोकणातल्या त्या शिपायाचे नाव लिहायला काहीच अडचण नसावी. उलट साम्राज्याने किती किंमत वसूल केली हे त्या नावांशिवाय सिद्धच होत नाही. दोन खाती एकत्र केली की जिंकणाऱ्याच्या बाजूचा तेवढा वीर उरतो, आणि बाजू तर राज्य बदलले की बदलतात. दिल्लीत स्वतंत्र भारताने आपले वेगळे राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडले. तिथे १९४७ नंतरच्या प्रत्येक मृताचे नाव ग्रॅनाइटच्या स्वतंत्र विटेवर आहे, हुद्दा आणि पलटणीसह, आणि रोज संध्याकाळी कुणा एका मृताच्या घरचे माणूस येऊन पुष्पचक्र वाहते. शेजारच्या इंडिया गेटवर ब्रिटिश राजवटीतल्या सुमारे तेरा हजारांचीच नावे आहेत, स्मारक जरी सत्तर हजारांचे म्हणवले जात असले तरी.

गावात तिरंग्यात लपेटलेले पार्थिव येणे, हजारोंची रांग, ‘अमर रहे’च्या घोषणा, पोलीस-लष्कराची मानवंदना हे आज इतके ठरीव झाले आहे की ती आपली जुनी रीत वाटते. ती तशी नाही. १९६२, १९६५, १९७१ मध्ये बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच उरकले गेले. घरी आली ती तार, आणि नंतर एखादी ट्रंक. १९९९ च्या कारगिल युद्धात पाचशेवर जवान गेले, त्यांची पार्थिवे घरोघरी पोचवली गेली, आणि दूरदर्शनसह नव्या खासगी वाहिन्यांनी ती गावोगावची गर्दी देशाला दाखवली. या बदलाला मी कमी लेखत नाही. तारेच्या कागदावर रडणे आणि चेहरा पाहून रडणे यांत फार अंतर आहे. पण गर्दी तेराव्यापर्यंत टिकत नाही. त्यानंतर घरी येतो तो कागद, आणि त्यावरचा शब्द लाऊडस्पीकरवरच्या शब्दाहून वेगळा असतो. मराठीत आपण ‘धारातीर्थी पडला’, ‘कामी आला’, ‘वीरमरण आले’, ‘हुतात्मा’, ‘शहीद’ असे कितीतरी बोलतो. सरकारच्या दप्तरात यातला एकही नाही. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे हे स्पष्ट झाले, की लष्करात ‘शहीद’ ही संज्ञाच नाही. नोंद होते ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी. तीच न होता ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ झाली तर घरचे गणित पालटते. युद्धात किंवा तत्सम कारवाईत मृत्यू असेल तर कुटुंबाला शेवटच्या वेतनाइतके उदारीकृत निवृत्तिवेतन; मृत्यू सेवेमुळे पण लढाईबाहेर झाला असेल तर विशेष, म्हणजे साठ टक्के; सेवेशी संबंध मान्य झाला नाही तर साधे, तीस टक्के. अंत्ययात्रा तिन्ही घरी सारखीच निघू शकते. अग्निवीराच्या घरी विमा आणि सानुग्रह अनुदान मिळून मोठी रक्कम एकरकमी येते, पण नियमित कुटुंब निवृत्तिवेतन नाही. म्हणजे सभासदाचा ‘चालवणे’ हा शब्द तिथे लागू पडत नाही.

पैशाची गोष्ट काढून बलिदान हलके करू नका, असा आक्षेप यावर नेहमी येतो, आणि तो घेणारे सहसा त्या घरचे नसतात. प्रतापगडावर हिशेब मांडणाऱ्याला त्यात हलकेपणा दिसला नाही, रक्ताबद्दल जमीन देऊन ती दगडावर कोरणाऱ्यांनाही दिसला नाही. नोंदीवर खरा आक्षेप घ्यायचा तो वेगळा आहे: नोंद म्हणजे सत्ता, आणि ती लिहिणारा आपले पूर्वग्रहही त्यात लिहितो. शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या मासिक भत्त्याचा नियम पाहा. पदकविजेत्याच्या विधवेने पुनर्विवाह केला तर भत्ता बंद. अपवाद एकच, तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर चालू. एका ओळीच्या नियमात सरकारने घराण्याची सगळी रीत, बाईला घरातच ठेवायची, लिहून ठेवली होती. ‘वीरपत्नी’ म्हणून तिला व्यासपीठावर शाल-श्रीफळ देणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक होते कोण जाणे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती अट निघाली. अट कागदावर होती म्हणून तिच्याशी भांडता आले; रूढी म्हणून नुसती घराघरांत राहिली असती तर कुणाकडे दाद मागणार होते?

मेसोपोटेमियातले आकडेही याच कारणाने अजून पूर्ण बुजलेले नाहीत. बसऱ्याच्या शिळेवर जे नाही ते आयोगाच्या नोंदवह्यांत बरेचसे आहे, आणि त्या आता संगणकावर नावानिशी शोधता येतात. क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा त्यापुढे एक ओळ: अमुक याचा मुलगा, गाव अमुक, तालुका अमुक, जिल्हा रत्नागिरी किंवा सातारा. सगळे इंग्रजी लिपीत, पलटणीच्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. आडनाव बहुधा एकच, मोरे, कदम, शिंदे, आणि त्या तालुक्यात त्या आडनावाची पन्नास घरे. गावाच्या नावातला ‘ळ’ कुठे ‘ल’ झालेला, कुठे ‘र’, ‘वाडी’ गळालेली, मूळ गाव ओळखायचे तर शेजारी तालुक्याचा नकाशा घेऊन, त्या उच्चाराच्या आसपासची तीन-चार नावे मोठ्याने म्हणून पाहावी लागतात.