राज्य गेलं, राजाही गेला. मग लोकांजवळच्या पैशाचं काय होतं?

1906 साली सिन्नरजवळच्या जोगळटेंभी गावात 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी होती क्षहरात राजा नहपानाची. पण त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा होता, तो म्हणजे पैठणच्या सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी.

गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. जुनी नाणी वितळवत न बसता त्याने त्यांच्यावरच आपला ठसा मारला. राजा बदलला, पण नाण्यातली चांदी तीच राहिली. ज्याच्या गाठीला नाणी होती, त्याची चांदी त्याच्याकडेच राहिली.

तेव्हाही ठेवी होत्या

नाशिकच्या पांडवलेणीतल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याच्या ठेवीची नोंद आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, व्याज महिना शेकडा 1. म्हणजे वर्षाला 240. त्यातून 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही, अशी अट होती.

रशियात काय झालं?

डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला. 15 देश झाले, पण सुरुवातीला चलन एकच राहिलं, रुबल. नोटा छापायचा रशिया, पण रुबलमध्ये कर्ज मात्र बाकीच्या देशांच्या मध्यवर्ती बँकाही वाटत होत्या. त्यात सरकारने किमतींवरचं नियंत्रण उठवलं. 1992 या एका वर्षात रशियातल्या किमती सुमारे 26 पट झाल्या. बँकेच्या पासबुकातला आकडा तसाच होता, पण आयुष्यभराच्या बचतीत येणारं सामान कवडीइतकं उरलं.

एस्टोनियाने जून 1992 मध्येच वेगळी वाट धरली. 10 रुबलला 1 क्रून या दराने माणशी 1500 रुबल बदलून दिले आणि क्रूनची किंमत जर्मन मार्कशी बांधली, 8 क्रूनला 1 मार्क. कझाकस्तानने नोव्हेंबर 1993 मध्ये टेंगे आणलं.

मग फरक कुठे पडला?

जुन्या नाण्याची किंमत त्याच्या धातूत होती. नोटेची किंमत ती छापणाऱ्याच्या शिस्तीत असते. आज भारतात बँक बुडाली तर व्याजासह 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. पण महागाईने खाल्लेल्या पैशाला कुठलाच विमा नाही. म्हणून तर ठेवीचा व्याजदर बघताना महागाईचा दरही बघायचा असतो.