सॅचेल पेजचे वय

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर सॅचेल पेज याच्याविषयी काहीही वाचायला घेतले, की आधी त्याच्या वयाचा विनोद भेटतो. जन्मतारीख घरच्या बायबलमध्ये लिहिली होती आणि ते बायबल बकरीने खाल्ले, असे तो सांगे. अलाबामातल्या मोबील गावची नोंद ७ जुलै १९०६ अशी स्पष्ट आहे. तरी 'वय न कळणारा म्हातारा' ही त्याची प्रतिमा इतकी लाडकी झाली, की तो म्हातारा का झाला हे विचारायचे राहूनच जाते.

पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज असे ढोबळमानाने म्हणता येईल. मात्र इथे चेंडू टप्पा न घेता साडेसाठ फुटांवरून थेट बॅटरकडे येतो आणि हात कोपरातून वाकवून फेकला जातो. खांदा व कोपर यांवर पडणारा ताण भयंकर. तिशी ओलांडली की वेग उतरतो आणि चाळिशीपर्यंत टिकणारे थोडेच.

पेज १९२६ साली व्यावसायिक खेळाडू झाला. तेव्हा मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, पण गोऱ्या मालकांचे संगनमत नियमाहून पक्के होते. मग पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी असे नीग्रो लीगचे संघ, हिवाळ्यात कॅरिबियन बेटे, आणि उरलेल्या दिवसांत गावोगावचे प्रदर्शनी सामने. दक्षिणेत ज्या गावाने तिकिटे काढून त्याचा खेळ पाहिला, तिथल्या गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. डिझी डीन, बॉब फेलर हे गोरे पिचर त्याच्याविरुद्ध अशा सामन्यांत खेळत. त्याची ताकद काय आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. मालकांनाही होतेच.

जॅकी रॉबिन्सनला १९४७ मध्ये प्रवेश मिळाला. पहिला मान आपल्याला मिळाला नाही, हे पेजला लागले होते. १९४८ मध्ये क्लीव्हलँडने त्याला घेतले, ते त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी! 'स्पोर्टिंग न्यूज'च्या संपादकाने ही निवड प्रसिद्धीची क्लृप्ती ठरवली. पेजने त्या अर्ध्या मोसमात सहा सामने जिंकले, एक हरला आणि संघ विश्वविजेता झाला. फेकता फेकता मध्येच क्षणभर थबकण्याची त्याची युक्ती बॅटरांना इतकी चकवू लागली, की अमेरिकन लीगने ती बंदच केली.

इथे आपल्याला बाळू पालवणकर आठवणे साहजिक आहे. पुण्यात त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे, हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले त्यांचे ११४ बळी धावपुस्तकात आहेत. पेजचे दुःख वेगळे आहे: त्याच्या ऐन भरातल्या वर्षांचे धावपुस्तकच मेजर लीगने आपले मानले नाही. अधिकृत नोंद अनेक दशके २८ विजय, ३१ पराभव एवढीच होती आणि ती सगळी बेचाळिशीनंतरची. आपण सुमारे दोन हजार सामने जिंकलो, असा त्याचा स्वतःचा दावा. मला त्यात फुशारकी दिसते, पण वही दुसऱ्याच्या हाती असलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

संशोधकांनी कृष्णवर्णीयांच्या जुन्या साप्ताहिकांतून धावफलक एकेक करून गोळा केले. २०२० मध्ये नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये १९२० ते १९४८ च्या नोंदी अधिकृत आकडेवारीत आल्या. प्रदर्शनी सामने मात्र त्यात नाहीत, आणि पेजचे आयुष्य तर त्यांतच गेले.

हयातीत त्याच्या वाट्याला निराळा हिशेब आला. १९६५ मध्ये ५९ व्या वर्षी तो कॅन्सस सिटीकडून शेवटचा उतरला. मालकाने मैदानालगत झुलती खुर्ची आणि परिचारिकाही ठेवली होती. पेजने तीन डाव टाकले, धाव एकही दिली नाही. तरी पेन्शनसाठी मेजर लीगमधली सेवा काही महिन्यांनी कमी भरत होती. आधीची वीस-बावीस वर्षे त्यात धरली जात नव्हती. अखेर १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला नोकरीवर घेऊन ते दिवस भरून दिले.