बोरूचा कोन

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यांतले ब्राह्मी शिलालेख सुमारे २००० वर्षांपूर्वीचे. मावळाचं जुनं नाव 'मामाल' त्यांतच सापडतं. त्या अक्षरांची रेघ जवळजवळ सगळीकडे एकाच जाडीची आहे, कारण छिन्नीने कातळात रेघ खोदताना ती कुठे फुगवावी, कुठे बारीक करावी याची गरजच नव्हती. अक्षराचं रूप हत्यार ठरवतं. मासिकांच्या मथळ्यांना आज जो नखरेल फॉन्ट हवा असतो, जाड दांडा आणि केसाएवढी बारीक रेघ असलेला, त्याचाही विचार इथूनच करायला हवा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्माच्या बोदोनीने आणि पॅरिसच्या दिदोने ही रोमन अक्षरं घडवली. त्यांत उभी रेघ जाड, आडवी अतिशय बारीक. पुढे 'व्होग'सारख्या मासिकाच्या नावाला हीच ऐट मिळाली. तोच नियम देवनागरीला जसाच्या तसा लावला, तर पहिला बळी शिरोरेषेचा जातो. रोमन अक्षर पायावर उभं राहतं, आपलं शिरोरेषेला लटकतं. खुंटीच बारीक केल्यावर अक्षरं टांगायची कशाला?

जाड-बारीक हा मुळात पाश्चात्त्य छंद, मराठीला तो हवाच कशाला, असं कुणी म्हणेल. पण छापखाना येण्याआधीच्या बोरूने लिहिलेल्या पोथ्या पाहाव्यात. तिरप्या छाटलेल्या बोरूचा कोन रोमन लेखणीच्या उलट, त्यामुळे 'व'च्या पोटाची जाडी वर डावीकडे येते, तर रोमन 'ओ'ची खाली डावीकडे. शिरोरेषा आणि काना मात्र साधारण सारख्याच वजनाचे राहतात. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांत हे वळण धातूत उतरलं. त्या खिळ्यांपासून प्रेरणा घेतलेला 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट आज कुणालाही मोफत वापरता येतो, आणि त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. (हिंदी वळणाच्या 'ल'वर निमूटपणे भागवणारी मराठी मासिकं अजून कमी नाहीत.)

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. स्वस्त कागदावर शाई पसरते, मोबाइलवर बारीक रेघ विरते, आणि जोडाक्षराच्या गर्दीत रफार कुठे गेला ते कळत नाही. म्हणूनच असा फॉन्ट मजकुराला वापरू नये. मजकुरासाठी त्याच घराण्यातलं कमी फरकाचं वळण वेगळं काढावं. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' ठळक आणि टोकाच्या जाड-बारीक रेघांचा आहे, तो मथळ्यांपुरताच शोभतो.

परीक्षेला 'लोणावळा' हाच शब्द घ्यावा. त्यात पाच तरी उभे दांडे येतात. बोदोनीच्या नियमाने ते कुंपणाच्या खांबांसारखे उभे राहतील आणि वरची तार दिसणारही नाही. बोरूच्या कोनाने तोच शब्द लिहिला, तर नजर दांड्यांवर न अडखळता 'व'च्या पोटातून 'ळ'च्या दोन वाटोळ्यांकडे जाते.