गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि मराठवाड्यातला पुरावा
परतूरकरांनो, ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातील त्वचास्पर्शाने पसरतो, बहुधा एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, आणि (चारित्र्याची चौकशी करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे) तो इतका सार्वत्रिक आहे की त्यावरून कोणावर ठपका ठेवणे निरर्थक होय. मात्र त्याचे १६ व १८ हे प्रकार वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले, तर गर्भाशयमुखाचा कर्करोग उद्भवू शकतो. आपल्याच मराठवाड्यातील तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्यात एकदाच विषाणूचाचणी केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. तिशी ओलांडलेल्या भगिनींनी सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी अवश्य करावी.