पाणी वाढत नाही, वाफ तरी अडवा

एप्रिल उजाडला की परभणी, पाथरी, गंगाखेडकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांवरही जातो. रब्बीची ज्वारी निघालेल्या काळ्या रानात तोवर हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. ही माती वाळताना आकसते, झाडांच्या बारीक मुळ्या तोडते आणि भेगांतून खालची ओलही उडून जाते.

जिल्ह्यात येलदरी आहे, निम्न दुधना आहे, जायकवाडीचा डावा कालवाही येतो. पण पाऊस दगा देतो त्या वर्षी सारी भिस्त विहीर-बोअरवर. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी झाड आणि जनावर दोन्ही जगवायचे, तर आहे तेच पाणी टिकवावे लागते.

सुरुवात आळ्यापासून. मोसंबीची अन्नपाणी घेणारी मुळे फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली असतात. बुंध्याशी पाणी साचले तर झाडाला डिंक्या लागतो. म्हणून दुहेरी आळे करायचे: आतले खोडाभोवती कोरडे, बाहेरचे पाण्यासाठी. त्यात सोयाबीनचे भूस किंवा उसाचे पाचट तीन-चार इंच अंथरले की ऊन मातीला भिडत नाही, भेगाही कमी पडतात. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्यावे. परसातल्या लिंबाला, कढीपत्त्याला मडके पुरेसे आहे. कुंभाराकडचे रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवले की पाणी मुळांशी हळूहळू पाझरत राहते.

गोठ्यात मात्र काटकसर पाण्यात करायची नाही.

मोठ्या जनावराला एरवीही दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात, त्यातही दुभत्याला, त्याहून बरेच जास्त. ते कमी पडले की आधी दूध आटते. उन्हाचा सर्वाधिक त्रास म्हशीला आणि संकरित गाईला. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला डुंबायला हवे असते. डोह आटला असेल तर दुपारी अंगावर पाणी तरी मारावे. लाल कंधारी गाय हे ऊन बरेच सोसते, कारण ती इथल्याच हवेत घडलेली आहे. पण सावली आणि पाणी तिलाही लागतेच.

पत्र्याचा गोठा दुपारी भट्टी होतो. पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या टाकाव्यात, बाहेरून चुना मारावा. भिजवलेली पोती लावली तर वारा खेळता राहील एवढी जागा सोडावी, नाहीतर दमट हवेने धाप वाढते. वैरणीची वेळही महत्त्वाची. कडबा पचताना पोटात उष्णता तयार होते, म्हणून तो रात्री आणि पहाटे घालावा, तोही कुट्टी करून. अख्ख्या पेंढीतला बराच भाग पायाखाली जातो. हिरवा चारा नसेल तेव्हा शेवरी, सुबाभळीचा पाला थोडा थोडा द्यावा, खनिज मिश्रण चुकवू नये. खनिजे कमी पडली की जनावरे हाडके, चिंध्या, प्लास्टिक चघळू लागतात.

जीभ बाहेर, तोंडाला लाळ, जोराची धाप आणि ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर तो उष्माघात समजावा. जनावर सावलीत घेऊन डोक्यावर, अंगावर गार पाणी ओतावे आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्लाही नियमित निघतो. मे महिन्यात त्यावर नजर ठेवलेली बरी.

उन्हाळा सरतानाही एक धोका उरतोच. वळवाच्या सरीने ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे येतात आणि महिनोन्‌महिने सुका कडबा खाल्लेले जनावर त्यावर तुटून पडते. पाण्याचा ताण सोसलेल्या या फुटव्यांमुळे पोटात सायनाइडचे विष तयार होते. गावाकडे यालाच किराळ लागणे म्हणतात. जनावर तासाभरातही दगावू शकते. वेळेत डॉक्टर आले तर सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनाने ते वाचते. तेव्हा पहिला पाऊस पडला म्हणून दावे सोडू नका. आधी रानात फिरून कुठे काय फुटले आहे ते पाहा.