रंग शेवटी, आधी मागची फळी वाजवा

आज लोणच्याबद्दल बोलायचं नाही आणि कर्जाच्या हप्त्यांबद्दलही नाही. आज बोलायचंय जुन्या होडीबद्दल. फायबरची, सोळा फूट लांब, मागे इंजिन टांगायची सोय असलेली होडी. कुणाच्या तरी माडाच्या बागेत चार-पाच पावसाळे उघडी पडलेली, आत पाचोळा कुजलेला, इंजिन पडवीत गोणपाटाखाली. कोकणात खाडीकाठच्या बहुतेक गावांत अशी एखादी तरी दिसेल. ती घरी आणून, अंगणात ठेवून, पुन्हा पाण्यात सोडण्याजोगी करता येते. आमच्या गटानं दिवाळीनंतर हे काम घेतलं आणि मे महिन्यात होडी खाडीत उतरवली. कसं केलं ते सांगतो.

घाटावरच्या मैत्रिणींनी रेडिओ बंद करू नये. फायबरच्या होडीला भोक पडलं तर जे करायचं, तेच गुरांच्या पाण्याच्या फायबरच्या टाकीला तडा गेला तर करायचं. (काळ्या प्लास्टिकच्या टाकीला मात्र हे चालत नाही, तिला रेझिन धरत नाही.) आणि जुनं टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपाचा थोरला भाऊ. प्लग, कार्बोरेटर, पेट्रोलमध्ये ऑइल, सगळं तेच.

"होडीचं काय करणार?" हे आम्हाला गावात निदान पन्नास जणांनी विचारलं. एखाद्या बाप्यानं जुनी बुलेट दारात उभी करून दोन वर्षं तिचे नटबोल्ट घासले तर त्याला हौशी म्हणतात. बायांनी होडी आणली की योजना कुठली, अनुदान किती, धंदा काय, असं सुरू होतं. आम्ही सांगत होतो, हौस म्हणून करतोय. पुढे धंदा करायचा तर वाट आहेच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बाया स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, हे तुम्ही ऐकलं असेल.

पण हौस असली तरी होडीत माणसं बसणार, लेकरं बसणार. दारात उभी केलेली बुलेट बंद पडली तर ढकलता येते. खाडीच्या मधोमध मागची फळी इंजिनासकट तुटली तर ढकलायला जागा नसते. म्हणून होडी घेण्याआधी ती नीट तपासायची. फुकट मिळत असली तरी.

तपासायला हातात एक बंदा रुपया किंवा पेचकसाची मूठ पुरते. होडीवर हळूहळू ठोकत जायचं, मडकं घेताना वाजवून बघतो तसं. फायबर चांगलं असेल तर टणटणीत आवाज येतो. आत पाणी मुरलं असेल, थर सुटले असतील, तर आवाज बसका येतो. जिथे बसका येतो तिथे खडूनं खूण करत जायचं. तासाभरात सगळी होडी खडूनं बोलायला लागते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मागच्या उभ्या फळीला, जिच्यावर इंजिन टांगतात. बाहेरून ती फायबरची दिसते, पण जुन्या होड्यांत बहुधा आत प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट, पाणी सोडायचं बूच, कड्या, या सगळ्यांसाठी त्या प्लायवूडला भोकं पाडलेली असतात. भोकाची कड बंद केलेली नसली की पाणी आत शिरतं आणि लाकूड दोन कातड्यांच्या मध्ये गुपचूप कुजतं. वरून रंग चकचकीतच राहतो. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा दांडा धरून वर-खाली जोर द्या. फळी हलली, चिरेतून तपकिरी पाणी आलं, की समजायचं. इंजिन नसेल तर जुना स्क्रू काढून भोकात सळी फिरवा. कोरडा, फिका भुसा आला तर बरं. काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा आला तर फळी बदलावी लागणार.

तळाची फरशीही पायानं दाबून बघायची. तिच्या खाली तरंगायला फोम भरलेला असतो. तो पाणी प्यायला की होडी दुप्पट जड होते आणि तरंगवायच्या ऐवजी ओढून धरते. वरच्या रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असल्या तर घाबरू नका, त्या बहुतेक वरवरच्या. पण एकच लांब सरळ भेग, दाबल्यावर उघडमीट करणारी, ती खोल असते. तळही लिबलिबीत, फळीही गेलेली आणि बाजूंचे थरही सुटलेले असतील तर ती होडी सोडून द्या. तिच्यात जाईल तेवढ्या पैशात तिच्याहून चांगली मिळेल.

होडी अंगणात आली की पहिला महिना काहीच करायचं नाही, नुसती वाळवायची. बूच काढून, पुढचं टोक टायरवर उंच करून, वर सावली करून. ओल्या फायबरवर रेझिन चढवलं तर ते नंतर पापुद्र्यासारखं निघतं. वाळली की नाही हे कळायला घरगुती उपाय आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं होडीला लावा. ऊन पडल्यावर आतून घाम दिसला तर अजून ओल आहे. याच कारणासाठी हे काम दिवाळी ते मे यांच्यात करायचं.

मग धुवायची आणि ॲसिटोननं पुसायची, आणि त्यानंतरच घासायची. हा क्रम उलटा करू नका. जुनं मेण आणि तेल तसंच ठेवून घासलं तर ते ओरखड्यांत आत जाऊन बसतं. ॲसिटोन भुरकन पेटतं, चुलीपासून लांब.

घासताना साडी नको. ग्राइंडर पदर कधी ओढेल ते कळत नाही. आम्ही नवऱ्यांचे जुने लांब बाह्यांचे शर्ट आणि पँटी घातल्या, बांगड्या उतरवल्या, केस रुमालात बांधले. बांगड्यांवरून आमच्यात एक दिवस चर्चा झाली, ती इथे सांगत नाही. फायबरची धूळ म्हणजे काचेचा चुरा. नाकावर ओढणी बांधून भागत नाही, धुळीचा चांगला मास्क लागतो, आणि डोळ्यांना गॉगल. काम झालं की गार पाण्यानं अंग धुवायचं आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

भोक किंवा तडा असेल तर त्याच्या कडा उतरत्या घासून घ्यायच्या, जाडीच्या बारा पटींपर्यंत. जाडी पाच मिलिमीटर असेल तर चारी बाजूंनी सहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. सरळ भोकावर ठिगळ मारलं तर ते नुसत्या कडेवर धरतं. उतरत्या कडेवर मारलं तर जुन्या-नव्याची मिठी बसते.

आता रेझिन. इथे आमचं म्हणणं नीट ऐका. दुकानात तीन वस्तू मिळतात: पॉलिएस्टर रेझिन, जांभळट रंगाचं कोबाल्ट, आणि पाण्यासारखं पांढरं हार्डनर. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, ते दुकानात विचारून घ्यायचं. नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, आणि मगच हार्डनर घालायचं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही. भडका उडतो. दोन्हींना एकच चमचासुद्धा वापरू नका. आम्ही दोन बाटल्या अंगणाच्या दोन टोकांना ठेवल्या आणि त्यांच्यावर दोन वेगळ्या बाया नेमल्या.

हार्डनरचं प्रमाण किलोला 10 ते 20 ग्रॅम. उन्हाळ्यात दहाच्या जवळ. एका वेळी 300 ग्रॅमपेक्षा जास्त रेझिन कालवू नका. त्याला तीन ते सहा ग्रॅम हार्डनर लागतं, ते सुई काढलेल्या सिरिंजनं मोजायचं. अंदाजपंचे, मिठासारखं चिमटीनं, इथे चालत नाही. कालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते घट्ट होतं. उभ्या डब्यात ठेवलं तर स्वतःच तापून धूर काढतं, म्हणून पसरट ट्रेमध्ये ओतायचं. काचेच्या धाग्यांची मॅट 450 ग्रॅमची घेतली तर एका चौरस मीटरला साधारण एक किलो रेझिन जातं. मॅट ठेवायची, ब्रशनं भिजवायची, आणि छोट्या रोलरनं हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. पांढरट डाग दिसला की तिथे हवा आहे. पापडाला लाटणं फिरवलेल्या हातांना हे शिकवावं लागत नाही.

हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. गेलंच तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि तडक दवाखाना. ते पाण्यासारखं दिसतं म्हणून बिसलेरीच्या बाटलीत कधी काढून ठेवू नका, मूळ बाटलीत, कुलपात ठेवा. रेझिनच्या वासानं डोकं दुखतं, काम उघड्यावरच करायचं. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी बाई या कामापासून लांब. आमच्यातली एक सून त्या महिन्यात लांब पडवीत बसून फक्त हिशोब लिहीत होती, आणि तिचा हिशोब सगळ्यात चोख निघाला.

फळी बदलताना आम्ही आतलं फायबर कापलं, कुजलेलं लाकूड पटाशीनं खरवडून काढलं आणि बाहेरचं कातडं तसंच ठेवलं, म्हणजे आकार बिघडत नाही. प्लायवूड घेताना त्यावर आयएस 710 असा शिक्का बघा. तेच खरं मरीन प्लाय. दुकानदार तोंडानं 'मरीन' म्हणून आयएस 303 चं देतो, ते स्वयंपाकघराच्या कपाटाचं. शंका असेल तर वीतभर तुकडा दिवसभर चुलीवर उकळा. थर सुटले तर परत करा. 18 मिलिमीटरचे दोन तक्ते एकमेकांना चिकटवले की साधारण हवी ती जाडी मिळते. लाकडाला पॉलिएस्टरपेक्षा एपॉक्सी चांगलं धरतं, महाग आहे पण फळीपुरतं तेच घ्या. एपॉक्सीबरोबर साधी मॅट नीट भिजत नाही, विणलेलं काचेचं कापड घ्यायचं. आणि शेवटी प्रत्येक बोल्टचं भोक थोडं मोठं पाडून, एपॉक्सीनं बुजवून, त्यात पुन्हा बारीक भोक पाडायचं. म्हणजे पाण्याला लाकडाचा पत्ताच लागत नाही.

रंगाबद्दल एवढंच की तो सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात शेवटी आहे. ज्या होड्या विकायला ताज्या रंगानं चमकत असतात त्या आम्हाला उलट जास्त वाजवून बघाव्याशा वाटतात.

इंजिन, ज्याला खाडीत ओबीएम म्हणतात, ते आमच्या गावच्या मेकॅनिकनं शिकवलं, आम्ही हात काळे केले. गिअरचं ऑइल काढलं आणि ते दुधाळ आलं तर आत पाणी शिरलंय, सील बदला. पाणी खेचणारा रबरी पंखा, इम्पेलर, तो कसाही दिसो, बदलाच. जुनं रबर विश्वासाचं नसतं. इंजिन कोरडं कधी सुरू करायचं नाही. मोठ्या ड्रममध्ये, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी घेऊन, न्यूट्रलमध्ये चालवायचं. मागून पाण्याची बारीक धार सुटली पाहिजे. नाही सुटली तर लगेच बंद. ऑइलचं प्रमाण इंजिनच्या पुस्तकात बघा. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, 25 ला 1 असेल तर 40. मोटरसायकलचं टू-टी ऑइल नको, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू 3 वेगळं मिळतं. आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, म्हणून पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. खाऱ्या पाण्यातून आलं की पुन्हा गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं चालवायचं.

पहिल्या दिवशी माणसं बसवू नका. किती बसतील याचा एक ढोबळ हिशोब अमेरिकेत अशा लहान होड्यांसाठी वापरतात: लांबी आणि रुंदी फुटांत, गुणाकार करून 15 नं भागायचं. आमची 16 बाय 5, म्हणजे 80, भागिले 15, पाच माणसं, आणि तीही शांत पाण्यात. आम्ही वीस लिटरचे 18 कॅन भरून ठेवले, पाच माणसांचं वजन झालं, आणि कमरेएवढ्या पाण्यात दोन तास होडी उभी केली. नंतर कॅन काढून होडीत पाणी भरलं. नवा फोम घातलेला, म्हणून ती काठापर्यंत भरूनही बुडाली नाही. तेव्हा कुठे आम्ही जॅकेटं घालून बसलो. जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणारीच्या मनगटाला.

जुनी होडी घेताना तिची नोंदणीची कागदपत्रं आणि इंजिनाचा नंबर जुळतो का बघा. पाहुणे पैसे घेऊन फिरवायचे असतील तर होडीची नोंदणी, तपासणी आणि चालवणारीचा परवाना, तिन्ही आधी लागतात. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा. ते होईपर्यंत गटाबाहेरच्या कुणालाही आम्ही बसवलेलं नाही.

आता पावसाळा आलाय. होडी वर ओढून, उपडी करून, झापांनी शाकारून ठेवलीय. इंजिन पडवीत उभं टांगलंय, टाकी रिकामी. बूच काढून इंजिनाच्या हँडलला सुतळीनं बांधलंय, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर इंजिन उचलताना ते हाताला लागेल.